आबांचा सातचा निरोप

माझ्या साडूइतका बिनचूक माणूस अख्ख्या खानदेशात नाही, आणि त्याच्याइतका घोळ घालणाराही नाही. जळगावात बसून तो शेकडो कॉम्प्युटरांना कामं वाटून देणारं सॉफ्टवेअर बनवतो. कोणतं काम आधी, कोणतं नंतर, एखादं यंत्र आडवं झालं तर त्याचं काम कोणी उचलायचं, हे सगळं ते ठरवतं. इथवर कोणाची तक्रार नव्हती, पण हा गडी घरातही तेच चालवतो. शेतातल्या भरीत पार्टीत वांगी भाजून झाल्याचा निरोप मोबाइलवर आल्याशिवाय त्याने कांद्याची पात चिरू दिली नाही. भाजणारा चार हातांवर उभा होता, पण शेतात रेंज नव्हती. आम्ही गारढोण भरीत खाल्लं.

सासूबाई गेल्या आणि आमचे सासरे, आबा, अमळनेरात एकटे राहू लागले. साडूने त्यांनाही यंत्रांच्या यादीत घातलं. रोज सकाळी सातला आबांनी 'मी शे', म्हणजे मी आहे, एवढाच निरोप आम्हा तिघा जावई-मुलांना धाडायचा. तो आला नाही आणि आबांनी फोनही उचलला नाही, तर साडूने निघायचं. साडू फोनवर सापडला नाही तर धुळ्याहून मी, मीही नाही तर रावेरहून मेहुणा. "एक पडला तर दुसरा, भाऊ! काम एकदाच होणार, पण होणारच." मी हसायचो खरा, पण निरोप येईपर्यंत मला चहा गोड लागत नसे.

एका रविवारी निरोप आला नाही. आबा फोन उचलेनात. साडू मोटरसायकलवर सुसाट निघाला, त्याला माझा फोन ऐकूच आला नाही. म्हणजे साडू पडला! मी स्कूटर काढली आणि फोन डिकीत टाकला. म्हणजे मीही पडलो! मग मेहुणा केळीने भरलेल्या पिकअपसकट निघाला. आबा फोन घरात विसरून ओट्यावर शेंगा सोलत बसले होते. सगळे एकदम आलेले बघून ते चक्रावले.

"बठ्ठा एकदम कसा उनात? कोन मरी गया?"

मेहुण्याला तर रडूच फुटलं. साडूने कपाळाला हात लावला. "एकच काम तीनदा झालं, भाऊ! फार मोठी चूक." आबांनी शेवभाजी केली. सासूबाईंनंतर त्या घरात पहिल्यांदाच चार ताटं लागली.

तेव्हापासून आबा महिन्यातून एखाद्या रविवारी निरोप धाडायला विसरतात. आम्ही पोचतो तेव्हा रस्सा उकळत असतो. "ती चूक दुरुस्त केली का?" मी साडूला एकदा विचारलं. तो खाली बघत म्हणाला, "दोन ओळींचं काम आहे, भाऊ. आबा आहेत तोवर राहू दे."

एखाद्या रविवारी चूल पेटलेली नसेल, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. त्या दिवशी कोणी एकटा पोचू नये म्हणून मी फोन अजून डिकीतच टाकतो आणि गाडी जरा जोरात हाकतो.