डोळ्यांत भंडारा जात नाही

देव आपल्याला विसरला, असं तेव्हा वाटत होतं. यकृताच्या कॅन्सरवर मला रोजच्या गोळ्या सुरू होत्या. दुसऱ्या महिन्यात उजव्या बरगडीखाली दुखू लागलं. चार घास खाल्ले की कळ पाठीत जायची, संध्याकाळी अंगात कणकण. काही वेगळं वाटलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी गेले नाही. सांगितलं तर गोळी बंद करतील आणि मग सगळंच संपेल, हे भय. मालक सहा वर्षांपूर्वी गेले. मुलगी लांब सासरी. फोनवर "बरी आहे" म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडायचा. एका खोलीत एकटीचं तोंड कोण निरखून बघणार?

आमच्या शहराला लागूनच सातारा नावाचं छोटं गाव आहे, तिथला खंडोबा आमचं कुलदैवत. दर रविवारी जाते. तिथं हळदीचा भंडारा उधळतात, सगळेच पिवळे होतात. आठवडाभर आरशात चेहरा पिवळा दिसत होता. मागच्या रविवारचा भंडारा निघाला नसेल म्हणून मी साबणानं तोंड घासत राहिले. त्या रविवारी देवाला एवढंच म्हटलं, "माझं दुखणं कुणाला दिसू देऊ नको."

पायरीवर टेकले, तर भंडारा विकणाऱ्या म्हातारीनं पदरानं माझं कपाळ खसाखसा पुसलं आणि पापणी खाली ओढली.

"डोळ्यात कुठं भंडारा जातो व्हय गं? कावीळ हाय ही! संगं कोन हाय?"

"कुणी नाही, मावशी."

"मंग मी काय झाड हाय? ऊठ."

पाटी शेजारणीकडं देऊन तिनं मला रिक्षानं दवाखान्यात नेलं. गोळ्यांमुळं पित्ताची पिशवी सुजून आत पू झाला होता. पोटातून नळी घालून तो काढला. गोळीही बंद केली. ज्याला भीत होते तेच झालं, तरी मी होते. मुलीला पहिल्यांदा फोनवर खरं सांगितलं. ती रडली, मग आली. पुढं डॉक्टरांनी कमी ताकदीची गोळी सुरू केली.

बरं वाटल्यावर देवळात गेले. म्हातारीनं मला ओळखलं की नाही, कळलं नाही. विचारायची लाज वाटली. कपाळ पुढं केलं. तिनं आधी पापणी ओढून पाहिली, "पांढरं हाय," म्हणाली आणि मग भंडारा लावला.

आत गेल्यावर काही मागितलं नाही. नुसती तोंड वर करून उभी राहिले, त्याला नीट दिसावं म्हणून.