नत्थुजींच्या नाकातली मुरणी

हिवरखेडच्या नत्थुजींच्या डाव्या नाकपुडीवर तिळाएवढं छिद्र आहे. त्यांचं नाव तिथूनच सुरू झालं. आधीची तीन पोरं पाळण्यातच गेलेली. चौथा जन्मला तेव्हा मायनं त्याचं नाक टोचलं आणि लहानशी नथ, मुरणी, घातली. नजर लावणाऱ्याला वाटावं, ही पोरगी आहे. नथीचा म्हणून नत्थू.

शाळेत पोरं विचारायची, "कावं नत्थे, लगन कधी हाये तुयं?" बाजारातले हिंदी बोलणारे व्यापारी तर 'ऐरा गैरा नत्थू खैरा' म्हणत कोणाही ऐऱ्यागैऱ्याला नत्थूच करून टाकत. एक दिवस तो रडत घरी आला.

"माय, नाव बदल माह्यं. लोक हासतात."

माय ज्वारी पाखडत होती. "हासू दे. त्याहिले हासायले तू हायेस, हे का कमी हाये?"

पुढे नत्थुजी गोऱ्ह्यांची नाकं टोचू लागले. त्यांच्या हाताखाली गोऱ्हा हंबरतसुद्धा नसे. वेसण घालायची तर नत्थुजींकडूनच, असं दहा गावांत झालं. नावाला वजन आलं. मग ट्रॅक्टर आले, गोऱ्हे कमी झाले. नाव तेवढं राहिलं.

यंदा त्यांच्या सुनेला, प्राजक्ताला, मुलगा झाला. तिचीही आधीची दोन बाळं गेलेली. बारशाचा दिवस उजाडला तरी तिनं नाव ठरवलं नव्हतं. नाव ठेवलं की बाळ जातं, असं तिच्या मनानं घेतलं होतं. सकाळीच ती बाळाला घेऊन सासऱ्यासमोर उभी राहिली.

"मामाजी, याचंबी नाक टोचा. तुमचा हात हलका हाये."

नत्थुजींनी पेटीतून मायनं घातलेली आपली मुरणी काढली. सुई जाळावर धरली. बाळाचं नाक चिमटीत घेतलं, आणि हजार गोऱ्हे टोचलेल्या त्या हातानं सुई खाली ठेवली. त्यांना शाळेचं अंगण अन् तिथं हसणारी पोरं दिसली.

"नाई होत, बाई, माह्याच्यानं."

"मंग नजर लागली तं?" प्राजक्ताचा आवाज चिरला. नत्थुजी मुरणी मुठीत धरून बाहेर पडले.

संध्याकाळी पाळण्याभोवती बाया जमल्या. तेवढ्यात नत्थुजी आले. पांढऱ्या मिशीवर मुरणी लोंबत होती. बुजत आलेल्या छिद्रातून त्यांनी ती स्वतःच घातली होती. नाक लाल, डोळे ओले.

बाया खिदळल्या. त्यांची लेक माया म्हणाली, "बाबा, हे काय सोंग घेतलं?"

"कोणाची नजर लागून राहिली असन तं मले लागू द्या. मले सवय हाये."

आणि ते पाळण्याच्या उशाशी मांडी घालून बसले. साऱ्या बाया त्यांच्याकडेच पाहत राहिल्या. बाळाकडे कोणी पाहीना.

ते पाहून प्राजक्ताही हसली. मग तिनं मायाला जवळ ओढलं. आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव तीच सांगणार होती.

"नितेश," प्राजक्ता म्हणाली. "अन् कानात नोका सांगू, ताई. मोठ्यानं सांगा."