वॉल्टचा लाल टॅग

हे माझ्या बायकोलाही माहीत नाही. तुला सांगतोय — पण मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझं तोंड पुन्हा मिटेल.

इथे आमच्या ईडन प्रेरी गावात ओळखीतले सगळे आयटीवाले, मी एकटा डिझेल मेकॅनिक. हिवाळा आला की अलास्काच्या पार उत्तरेला, तेलाच्या कॅम्पवर जायचो — लोडर, डोझर दुरुस्त करायला. त्या थंडीत बारीकसारीक कामासाठी इंजिन बंद करत नाहीत. पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नसतो. मग चालू मशीनमध्ये हात घालायचा कसा? मेकॅनिक आपल्या नावाचा लाल टॅग केबिनमधल्या लिव्हरला अडकवतो. ज्याचा टॅग, त्यानेच काढायचा. तोवर लिव्हरला कुणी शिवत नाही. कुणाचा बापसुद्धा नाही.

वॉल्ट माझा जोडीदार. अंगाने रेडा, तोंडाने फाटका. माझ्या लसणाच्या चटणीवरून रोज टोमणे. एकदा त्याने अख्खी बरणी मेसच्या दारातून बर्फात भिरकावली. सगळे हसले. मीही हसलो — हो, हसलो! पण तळपायाची आग मस्तकात गेली होती. आईच्या हातची होती रे ती.

छे, पण चटणीचं काय सांगत बसलोय मी? चटणीसाठी कुणी कुणाचा हात घेतं का?

दुसऱ्या दिवशी वॉल्ट लोडरच्या बकेटमागे — पुढच्या त्या लोखंडी सुपामागे — वाकून ग्रीस मारत होता. मी केबिनमध्ये चढलो. लिव्हरला त्याचा टॅग लटकत होता. काचेतून त्याची पाठ दिसत होती, आत घातलेला उजवा हात दिसत होता — सगळं स्वच्छ दिसत होतं. मी टॅग काढला, खिशात घातला, आणि बकेटचा तो लिव्हर ओढला.

नुसतं घाबरवायचं होतं, असं कितीदा तरी मनाशी म्हटलंय. खोटं आहे. मला तो हात चिरडायचा होता. हाड मोडल्याचा आवाज इंजिनच्या घरघरीतही ऐकू आला, आणि — ऐक आता — मला बरं वाटलं. मग तो ओरडला. माणूस असा ओरडतो हे मला माहीत नव्हतं. बकेट मागे घेऊन मी खाली उडी मारली. ग्लोव्ह रक्ताने भरून सांडत होता. माझ्याच पट्ट्याने मी त्याचा दंड आवळला.

"टॅग नव्हता," मी सुपरवायझरला सांगितलं. "मला काय माहीत तो पुढे आहे?" टॅग तोवर शेकोटीच्या ड्रममध्ये जळून गेला होता. मला कुणी एका शब्दानेही बोललं नाही. उलट पाठीवर हात फिरवले.

वॉल्टचा हात कोपरापासून काढला. आता तो नव्या मेकॅनिकांना शिकवतो. रिकामी बाही वर करून म्हणतो, टॅग विसरू नका, मी विसरलो होतो. त्याला खरंच तसं वाटतं. आपल्याच आठवणीवर त्याचा विश्वास उरलेला नाही — तोही मीच घेतला.

दर ख्रिसमसला त्याचा फोन येतो. माझी मुलगी आनंदाने ओरडते, "बाबा, इट्स वॉल्ट काका!" आणि वॉल्ट दरवेळी तेच म्हणतो — माझ्या चुकीपायी तुझ्या हातून ते घडलं, मला माफ कर, यार. 'यार' मीच शिकवलाय त्याला.

आणि मी म्हणतो, "जाऊ दे, वॉल्ट. केलं माफ."