तवंगाचा निकाल

समुद्राशी त्यांचा संबंध म्हणाल तर एवढाच, की एकदा होडीत बसले आणि होडीचा दोर सुटायच्या आत त्यांना उलटी झाली. तरी सगळी इमारत त्यांना दर्यावर्दी म्हणायची. कारण बैठकीच्या खोलीत त्यांनी काचेची भलीमोठी टाकी ठेवली होती, खाऱ्या पाण्याची. तिच्यात दोन केशरी मासे, एक पिवळा, एक लाजाळू कोळंबी. लोक चेष्टेने दर्यावर्दी म्हणत आणि ह्यांना ती पदवी वाटे. आता काय बोलायचं!

बायकोने या माणसाचे बरेच छंद पाहिले होते. कुंडीतली बुटकी झाडं झाली, जुनी घड्याळं झाली, मधमाश्याही झाल्या. त्या माश्यांनी मालकालाच फोडून काढल्यावर पेटी भंगारात गेली. एक ना धड, भाराभर चिंध्या. पण टाकी टिकली. का टिकली ते बायकोला पक्कं ठाऊक होतं. मासे उलटून बोलत नाहीत.

नोकरी गीझरच्या कंपनीत, तक्रार विभागात. लोकांच्या तक्रारी वाचायच्या आणि उत्तर धाडायचं: ‘पाहणी केली. यंत्रात दोष नाही. दोष वापरात आहे.’ आयुष्यभर हेच लिहून लिहून माणसाच्या हाडीमाशी तेच भिनलं. भाजी खारट झाली तर दोष मिठाचा नाही, भाजी पडली तर दोष पिशवीचा नाही. दोष कोणाचा, हे ह्यांनी बोट दाखवून सांगायचं आणि बाकीच्यांनी मान खाली घालायची.

तर त्या टाकीच्या पाण्यावर एके दिवशी तवंग दिसला. पातळ, तेलकट, उजेडात रंग दाखवणारा.

"कोणी हात घातला?" दर्यावर्दी गरजले.

कोणीच घातला नव्हता. मग शोध सुरू झाला. पहिला संशय स्वयंपाकघरावर. तळण बंद. फोडणी खिडकी उघडून, दार लावून, आणि तीही नावाला. बायकोने हाताला क्रीम लावायचं नाही. स्वतः मात्र हे केसांना चमेलीचं तेल चोपडून टाकीवर ओणवे होत, ते चालायचं. रोज सकाळी पाण्यावर कोरा कागद अलगद पसरायचा, तेल टिपलं की उचलायचा, आणि तो ओला कागद सगळ्यांच्या नाकासमोर धरायचा. "बघा! हे तुमच्या घराचं पाप!" जणू हे त्या घरात भाड्याने राहत होते. संध्याकाळी कामावरून यावं तर पाणी स्वच्छ, सकाळी पुन्हा तोच तवंग.

शेवटी निकाल लागला. दोषी: ताई.

ताई म्हणजे ह्यांची थोरली बहीण. आई लवकर गेली, तेव्हा हिने ह्यांना वाढवलं. लग्न झालं तेही पिठाच्या गिरणीवाल्याशी, आणि गिरणीच्या मागच्या खोलीत संसार करताना या धाकट्या भावालाही तिथेच शिकवलं. नवरा गेला, गिरणी विकली, तेव्हा भावाकडे आली. बैठकीत खिडकीपाशी तिची खाट होती. तिथून रस्ता दिसायचा, भाजीवाला दिसायचा, शाळेतून सुटलेली पोरं दिसायची. गुडघे धरले की तेल चोळायची. झालं! तेलाचा उगम सापडला.

"ताई, तुझं तेल हवेतून पाण्यात जातंय," दर्यावर्दी म्हणाले. "तू मागच्या खोलीत जा."

मागची खोली म्हणजे ट्रंका, जुनी गादी आणि मोडका पंखा. खिडकी होती, ती समोरच्या भिंतीकडे बघायची.

"बरं बाबा," ताई म्हणाली. "मासे सुखी राहू देत."

बायकोच्या जिभेवर आलं होतं, चोर सोडून संन्याशाला सुळी! पण बोलून उपयोग काय? या घरात वाद घालायचा म्हणजे भिंतीवर डोकं आपटायचं, आणि भिंत निदान उलट व्याख्यान देत नाही.

खाट गेली आणि तवंग गेला का? छे! उलट वाढला. आता सकाळचा कागद उचलला तरी संध्याकाळी जाडसर साय. मासे वर येऊन तोंड उघडझाप करायला लागले. पिवळा तर एका कोपऱ्यात मरगळून राहिला. पण दर्यावर्दी चुकतील? ते म्हणाले, ताईचं तेल भिंतीत मुरलंय. ते घराबाहेर गेल्याशिवाय गुण येणार नाही. तेव्हा रविवारी तिला धाकट्या बहिणीकडे पोचवायचं. "कायमचं म्हणत नाही, पण बघू." त्यांचं ‘बघू’ बायकोने पुष्कळदा ऐकलं होतं. मधमाश्यांनाही ते आधी ‘बघू’च म्हणाले होते.

शुक्रवारी बायकोला तिच्या कामावरून लवकर सुट्टी मिळाली. दुपारी घरी आली तर ताई, म्हणजे तिच्या वन्सं, ट्रंकेवर बसून लुगड्यांच्या घड्या करत होत्या. डोळे लाल.

"वन्सं, झोपला नाहीत?"

"झोप कुठली गं. इथे कसली चिडीचूप शांतता! गिरणीच्या घरघरीत जन्म गेला माझा, आवाज नसला की डोळा लागत नाही. बाहेर होते तेव्हा बरं होतं, ती मोटार लावायची."

"कुठली मोटार?"

"माशांची. वरची, पाणी घुसळणारी. तुम्ही दोघं गेलात की बटण दाबायची, नि छान डुलकी काढायची. तो यायच्या आत बंद. त्याला तो आवाज खपत नाही ना!"

टाकीला दोन मोटारी होत्या. एक खालच्या कपाटात, गाळणीची, मुकी. दुसरी वर, पाणी ढवळणारी, जरा गुळगुळ करणारी. ती दुसरी दर्यावर्दींनी बंद ठेवली होती. आवाजाने माशांना ताण येतो म्हणे! खरं कारण निराळं होतं. पाणी निश्चल असलं की काचेपुढे बसून त्यांना स्वतःचा चेहरा छान दिसायचा, आणि पाहुण्यांपुढे व्याख्यानात अडथळा यायचा नाही.

ती बाहेर आली आणि बटण दाबलं.

पाणी हललं. तवंग आधी सुरकुतला, मग फाटला, मग त्याचे तुकडे सरकत सरकत काठाच्या फणीसारख्या खाचेकडे गेले आणि खाली गाळणीत उतरले. काखेत कळसा आणि गावाला वळसा! संध्याकाळपर्यंत पाणी लख्ख झालं आणि पिवळा मासा कोपरा सोडून हिंडायला लागला. तोवर तिने खाट ओढत ओढत परत खिडकीपाशी आणली होती.

दर्यावर्दी आले. पाणी पाहिलं आणि छाती फुगली. "बघितलंस? ताई जायची नुसती ठरली, तर एवढा फरक! मी म्हणत नव्हतो?"

मग त्यांना खाट दिसली. मग गुळगुळ ऐकू आली. हात बटणाकडे गेला.

"हात लावू नका," बायको म्हणाली. इतक्या वर्षांत ती एवढ्या शांतपणे कधी बोलली नव्हती. "तुमच्या तक्रारीची पाहणी केली मी. यंत्रात दोष नाही. वन्संच्यातही नाही. ही मोटार दिवसभर त्याच चालवत होत्या, म्हणून मासे जगले. तुम्ही त्यांना मागे टाकलंत, नि वर आला तो तवंग."

दर्यावर्दींनी बहिणीकडे पाहिलं. तोंड लाल झालं होतं, पण ताठा जातो कुठे! "ताई, मग तू मला सांगितलं का नाहीस?"

"तू विचारलंस कुठे?" ताई खाटेवर आडवी होत म्हणाली. "तू निकालच सांगितलास. मला वाटलं, पोरगा शिकलाय, त्याला कळत असेल."

त्यावर ते बोलायला लागले. तसं नाही ताई, मुळात त्या मोटारीचा प्रवाह जरा जास्तच होता, शिवाय हवामान, शिवाय खारेपणाचं प्रमाण... बराच वेळ बोलले. बायकोने त्यांना थांबवलं नाही, फक्त बोट ओठांवर ठेवून खाटेकडे दाखवलं.

मोटार गुळगुळत होती आणि ताई केव्हाच घोरायला लागली होती.