डावीकडचा उंट

माझे बाबा शाळेची बस चालवायचे आणि बुद्धिबळ खेळायचे. बस अगदी सावकाश, बुद्धिबळ सुसाट. बाकीच्या जगाचं याच्या उलट असतं, असं आई म्हणायची. लोक पटावर विचार करतात आणि रस्त्यावर पळतात. बसच्या मागे ‘अति घाई संकटात नेई’ असं पिवळ्या अक्षरांत रंगवलेलं होतं. ती पाटी तिथून काढून बाबांच्या पटाला लावावी, असं आईचं स्पष्ट मत होतं.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. आम्ही सक्करदऱ्याच्या पुढे राहायचो आणि मी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते. सकाळी बाबा पार हुडकेश्वरपासून पोरं गोळा करत महाल भागातल्या शाळेत सोडायचे. शाळा सुटेपर्यंत त्यांचा मुक्काम गांधीबागेच्या बाजारात, एका कापडाच्या दुकानात. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दुकानाचे सेठजी गादीवरची थानं बाजूला सारायचे आणि पट पसरायचे. संध्याकाळी शेवटचं पोर घरी पोचवलं की गाडी आमच्या दारातल्या कडुनिंबाखाली उभी राहायची, आणि मग माझी पाळी.

आमच्या डावाला घड्याळ नव्हतं. समोरच्याने पाच चुटक्या वाजवायच्या, तेवढ्यात खेळी केली तर केली, नाहीतर डाव गेला. ही पद्धत गांधीबागेतल्या गाद्यांवरची. बाबांवर पाचवी चुटकी वाजवायची संधी मला कधीच मिळाली नाही. माझा हात मोहऱ्यावरून उठायच्या आत त्यांचा हात पटावर आलेला असायचा. घोडे हे त्यांचं खरं बळ. दोन घोडे आणि चार प्यादी एवढ्यावर ते माझ्या वजिराला पळता भुई थोडी करायचे. आणि जिंकायचं तेही साधंसुधं नाही. जुन्या देशी खेळात समोरच्याची सगळी मोहरी मारून राजा उघडा पाडला तर त्याला बुर्जी म्हणतात. डाव बरोबरीत जातो. म्हणून एखादं मोहरं मुद्दाम जिवंत ठेवायचं आणि शेवटची मात प्याद्याने द्यायची, हा बाबांचा थाट. मला जगवून जगवून मारायचे. फार राग यायचा.

दोषही होते. वजिराला वजीर मारून घ्यायची त्यांची तयारी नसे, बचावाची खेळी करणं त्यांना कमीपणाचं वाटे, आणि जिंकत आले की हसायला लागत. फुकट मिळालेलं मोहरं सोडणं तर त्यांच्या रक्तातच नव्हतं. पण हे दोष मला पाठ असूनही मी हरायचे. कळायचं सगळं, फायदा शून्य.

त्या वर्षी दिवाळीनंतर मी जिंकायला लागले.

पहिल्यांदा जिंकले तेव्हा गल्लीत ओरडत गेले. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा जिंकले तेव्हा शेजारच्या काकूंना पटावरची स्थिती दाखवली. त्या बिचाऱ्या तांदूळ निवडत हो हो म्हणाल्या. मला वाटलं, आपल्याला खेळ यायला लागला. बाबा खिलाडू होते. ‘वा वं पोरी, शिकली तू,’ म्हणायचे आणि पुन्हा पट मांडायचे.

पण जिंकायची तऱ्हा सारखी एकच होती. माझा उंट मी माझ्या उजव्या हाताच्या कोपऱ्याजवळ बसवायचे. बाबा समोर बसत, म्हणजे तो उंट त्यांच्या डाव्या हाताला, लांबच्या टोकाला. तिथून तो तिरपा थेट त्यांच्या राजाच्या शेजारच्या घरावर रोखलेला असायचा. मग मी माझा वजीर त्या घरात, राजाला खेटून नेऊन ठेवायचे. उंटाचा जोर असलेला वजीर राजाला मारता येत नाही, हे पोराटोरांना कळतं. बाबा मात्र खदखदून हसायचे.

‘वजीर फुकट दिला वं! झोपून खेळून राहिली का?’ म्हणत ते राजाने वजीर उचलायचे.

‘राजा मारात जातो, बाबा. तिकडे उंट आहे.’

मग ते मान वळवून पाहायचे आणि म्हणायचे, ‘हाव. ध्यानातच नाही आलं.’

एकदा ठीक आहे. घाईत खेळणाऱ्या माणसाला एकदा होतं. पण आठवड्यात चारदा व्हायला लागलं. तिकडे गांधीबागेतही तेच. बाबांसाठी धोतरजोडी घ्यायला मी आईबरोबर दुकानात गेले तेव्हा सेठजी मापाचा गज हातात धरूनच मला म्हणाले, ‘बेटा, तुम्हारे बाबूजी का बायाँ बाजू कच्चा हो गया है. उधर से कोई भी आके मार जाता है. जरा सिखाओ उनको.’ ते हसले, आई हसली, मीही हसले. खेळातला दोष म्हणून सगळ्यांनी तो मान्य केला. मी तर कॉलेजात शिकणारी शहाणी; घरी येऊन बाबांना डावी बाजू कशी सांभाळावी याचे धडे द्यायला बसले. ते मन लावून ऐकायचे आणि पुढच्या डावात पुन्हा माझा वजीर उचलायचे.

मग एक दिवस जेवताना बाबा म्हणाले, ‘काहून वं, आज चटणी नाही वाढली?’

आपल्याकडे ताटाची डावी बाजू ठरलेली. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, सगळं डावीकडे. जवसाची चटणी तिथे होती, मी स्वतः वाढली होती.

‘ताटात पाहा ना बाप्पा, नाकाखाली आहे,’ आई म्हणाली.

बाबांनी पाहिलं. खरंच पाहिलं, मान खाली घालून. मग भाजी पुढे घ्यायला त्यांनी ताट फिरवलं, चटणी उजवीकडे आली आणि ते चिडले. ‘आता वाढली तू, अन् मले म्हणते नाकाखाली आहे.’

आईने कपाळाला हात लावला. ‘मी अशीन चेटकीण,’ म्हणाली आणि हसत हसत आणखी भाकर वाढायला उठली. मला हसू आलं नाही. मी बाबांच्या तोंडाकडे पाहिलं. सकाळीच दाढी केली होती, पण डाव्या गालाच्या कडेला खुंट तसेच राहिले होते. आणि हे मी पहिल्यांदा पाहत नव्हते. गेले कित्येक दिवस आई त्यावरून त्यांची थट्टा करत होती.

त्यानंतर मी खेळताना पट पाहायचं सोडून बाबांना पाहायला लागले. पटाच्या उजव्या अंगाला त्यांचा हात जुन्यासारखाच विजेसारखा चालायचा. डावीकडची त्यांची स्वतःची प्यादी मात्र जागची हलत नसत, जणू ती कुणा दुसऱ्याची होती. मी मुद्दाम तिकडचा त्यांचा हत्ती मारला. त्यांना पत्ताच नाही. डाव संपल्यावर मोहरी डब्यात भरताना म्हणाले, ‘हत्ती केव्हा गेला?’

मी आईला सांगितलं. आई म्हणाली, वय झालं, चष्मा लागला असेल. बाबांना सांगितलं तर ते उखडले. लांबच्या भिंतीवरची सिनेमाची जाहिरात बारीक अक्षरांसकट वाचून दाखवली आणि म्हणाले, ‘मी काय आंधळा आहो का? हरून राहिलो म्हणून डोळे गेले का माहे? पाह्य कशी बोलून राहिली!’ वाचलं त्यांनी बरोबर. पण माझी भीती गेली नाही. बाबा पटावर हरले तर हरले. त्यांच्या मागे रोज सकाळी बसभर पोरं बसलेली असत.

फेब्रुवारीत शाळेची सहल ठरली. सोमवारी सकाळी रामटेकला जायचं, पोरं, बाई, डबे, सगळं घेऊन, गडापर्यंत. रविवारी दुपारी बाबा बादली घेऊन गाडी धूत होते. फार खुशीत होते. मी मदतीला गेले आणि गाडीच्या डाव्या अंगाला हात लावला, तर पत्र्यावर लांबच्या लांब ओरखडे. ‘हे कसले?’ मी विचारलं.

‘संत्र्याचा ट्रक घासून गेला असन कोणता तरी,’ गाडीच्या पलीकडून बाबा म्हणाले. मालकालाही त्यांनी हेच सांगितलं होतं, आणि त्यात खोटेपणा नव्हता. त्यांना तसंच वाटत होतं.

मी मागे वळले. कडुनिंबाच्या खोडाची साल बरोबर तेवढ्याच उंचीवर सोललेली होती आणि आतल्या पांढऱ्या लाकडाला बसचा निळा रंग लागला होता. एकदा घासल्याचा नाही. थरावर थर. बाबा रोज संध्याकाळी गाडी झाडाला घासून उभी करत होते आणि खाली उतरून माझ्याशी खेळायला येत होते.

झाडाबद्दल मी काही बोलले नाही. बोलले असते तर त्यालाही एखादा ट्रक सापडला असता. मी पट आणला, ओसरीवर मांडला आणि म्हटलं, ‘बाबा, एक डाव.’

‘गाडी धुवायची आहे ना वं.’

‘एकच.’

ते हात पुसत आले. खेळ सुरू झाला. मी उंट नेहमीच्या जागी नेला आणि स्पष्ट सांगितलं, ‘बाबा, हा पाहा, माझा उंट त्या कोपऱ्यात बसला आहे. त्याच्यावर लक्ष ठेवा.’

‘ठेवलं, ठेवलं. खेळ तू,’ ते म्हणाले आणि चुटक्या वाजवायला लागले.

मी वजीर नेऊन त्यांच्या राजाला भिडवला. बाबा हसले. तेच हसणं. राजाने वजीर उचलला आणि मुठीत धरून मला दाखवला. ‘लक्ष ठिवा म्हणे! वजीर देऊन बसली!’

‘उंट कुठे आहे, बाबा?’

त्यांनी पटाकडे पाहिलं. ‘मारला असन मी.’

मी दोन्ही हातांनी पट धरला आणि त्यांच्या उजवीकडे सरकवला. मोहरी होती तिथेच होती, फक्त पट हातभर बाजूला गेला. ताट फिरवल्यावर चटणी दिसली होती, तेवढंच माझ्या डोक्यात होतं. पुढे दवाखान्यात या प्रकाराला लांबलचक नाव मिळालं. त्या रविवारी आमच्याकडे फक्त पट होता.

बाबांचं हसणं थांबलं. ‘हा कुठून आला?’

‘तिथंच होता.’

‘तू आता ठेवला. बापासंगं लबाडी करते का?’ पडलं तरी नाक वर, हा आमच्या घराण्याचा गुण. मी वाद घातला नाही. नवा डाव मांडला, पट तसाच उजवीकडे ठेवून. आणि काय सांगू, बाबा पूर्वीचे बाबा झाले. घोडे सुटले. माझा उंट त्यांनी कोपऱ्यातून हुडकून मारला. शेवटी एक मोहरं मला ठेवलं आणि प्याद्याने मात दिली. मला रडू आवरत नव्हतं. हरल्याचा इतका आनंद आणि इतकी दहशत एकाच वेळी मला पुन्हा कधी वाटली नाही.

‘पाह्य,’ ते म्हणाले, ‘खेळ काही गेला नाही माहा.’

‘खेळ नाही गेला, बाबा,’ मी म्हटलं आणि पट पुन्हा डावीकडे, जुन्या जागी सरकवला. ‘आता माझी मोहरी कुठे आहेत ते दाखवा.’

त्यांनी हात पुढे केला. उजवीकडची दाखवली. मग हात पटाच्या मध्यावर येऊन थांबला. मग त्यांनी स्वतःच आपला पंजा डोळ्यांसमोर धरला आणि हळूहळू डावीकडे न्यायला लागले. नाकासमोरून जरा पुढे गेल्यावर थांबले. परत आणला. परत नेला. आई दारात येऊन उभी होती.

‘उद्या गाडी नेऊ नका, बाबा,’ मी म्हटलं.

मला वाटलं आता ओरडतील. तू जन्मली त्याच्या आधीपासून गाडी चालवून राहिलो, म्हणतील. ते उठले, चौकटीचा आधार घेत ओसरीवरून खाली उतरले आणि गाडीला वळसा घालून झाडापाशी गेले. खोडाला हात लावला. बोटाला निळा भुगा लागला तो पाहिला. मग गाडीच्या डाव्या अंगाच्या दारापाशी गेले, ज्या दारातून पोरं चढतात-उतरतात. दार उघडून पायरीवर बसले. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले. खिशातली किल्ली काढून त्यांनी माझ्या हातात दिली, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

‘पोट्टे तं सारे इकडूनच उतरतेत वं,’ ते म्हणाले. ‘अन् मी काई तसाच नाही निघत. रोज पाहून घेतो इकडं. कोणी दिसत नाही, तवाच गाडी काढतो.’