नावं कापलेला धवला

दहा वर्षांत सुटी सुटी केलेली गाणी एकत्र करून अल्बम काढायचं मी ठरवलं, तेव्हा गावात कुणी कशाला म्हणूनही विचारलं नाही. किन्हवलीत मला ‘गिटारवाला’ म्हणतात, आणि त्यात कौतुकापेक्षा काळजीच जास्त असते. अकरा गाणी माझी. मीच लिहिलेली, मीच गायलेली. एकात मुरबाडच्या जीपचा हॉर्न आलाय, तो मुद्दाम ठेवलाय. बारावं मात्र आत्याचं होतं, आणि सगळ्यांत चांगलं तेच होतं. हे स्वतःशी कबूल करायला मला आठवडा लागला.

आत्या शेणव्याला दिलेली. ती धवलारीण, म्हणजे आमच्याकडे लग्नात धवले गाणारी बाई. भटजी असतोच, पण आत्या नवरा-नवरीची नावं घेऊन गात नाही तोवर लग्न लागल्यासारखं कुणाला वाटत नाही. एका लग्नात मी तिला फोनवर रेकॉर्ड केलं होतं. घरी येऊन त्यातून भांड्यांचे आवाज काढून टाकले, रडणारं पोर काढलं आणि नावंही कापली. गाणं सगळ्यांचं वाटावं म्हणून! वर गिटार घातली. भलताच खूश होतो स्वतःवर.

अल्बम शुक्रवारी निघणार होता. आत्या नाही म्हणाली असती तर त्याचं शेवटचं गाणंच गेलं असतं, पण तिला न विचारता गाणं बाहेर काढायला मन धजेना. बुधवारी स्पीकर घेऊन शेणव्याला गेलो. आत्या ओटीवर वालाच्या शेंगा सोलत होती. तिचा नवरा, म्हणजे आमचे मामा, खाटेवर आडवे.

आत्याने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “नावं कुठं रे?”

“कापली.”

“मग लगीन कुणाचं लागलं?”

“कुणाचंच नाही, आत्या. नुसतं गाणं आहे.”

“धवला नुसता नसतो रे. नवरा-नवरी नाय, मांडव नाय, मग तो जायाचा कुठं? असा नाय सोडायचा.”

माझं तोंड उतरलं. मूळ रेकॉर्डिंग जुन्या फोनबरोबर गेलेलं. “मग परत गा ना,” मी म्हणालो.

“गाईन की. तू बोहल्यावर उभा ऱ्हा.”

“आत्या, अल्बम शुक्रवारी आहे.”

“मग दोन दिस हायेत ना!”

मामा खाट हलेपर्यंत हसले.

आत्या मात्र हसली नाही. माझ्याकडे न बघता म्हणाली, “माज्या लग्नात धवला झालाच नाय.” तेव्हा धवलारीण तिची स्वतःची आई होती. हळदीच्याच दिवशी ती तापाने फणफणली, घसा पार बसला. भटजीने लग्न लावलं, मंडळी जेवून गेली. पुढे आत्याने पंचक्रोशीतल्या पोरींची लग्नं लावली आणि स्वतःचं राहिलंय हे कुणाला सांगितलं नाही. मला फार वाईट वाटलं.

“मामा, उठा,” मी म्हणालो.

“आत्ता?”

“आत्ताच.”

मामांनी टोपी घातली. आत्याने शेंगांची टोपली सरकवली, दोन पाट मांडले, डोक्यावर पदर घेतला. मी फोन धरला आणि ती गायला लागली.

आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेते ती उखाण्यात, तेही चारचौघींनी अडवलं तर. एरवी मामांना तिची हाक एकच, ‘अवो’. नावाची जागा आली तशी ती अडली. मला वाटलं, आता हसेल आणि उठेल. पण तिने मामांचं नाव घेतलं, सरळ, वरच्या सुरात. त्यामागून स्वतःचं, माहेरचं. मामांनी टोपी काढली, पुन्हा घातली, पुन्हा काढली.

धवला संपल्यावर त्यांनी हळूच विचारलं, “लागलं का गो आता?”

“लागलं,” आत्या म्हणाली.

हे दोघांचं बोलणंही अल्बमात आहे. कापलं काहीच नाही, आणि गिटारही घातली नाही.