निकाल हरणारा वाचतो

ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस, म्हणजे लेंट, आले की कुणी मटण सोडतं, कुणी चहा. आमचे भिंगारदिवेसाहेब काहीच सोडत नसत. दिल्लीत, द्वारकेतल्या फ्लॅटच्या बाल्कनीत बसून ते रोज सकाळी स्वतःच दिलेला एक जुना निकाल वाचत, आणि तोही त्या खटल्यात हरलेल्या माणसाच्या जागी बसून. कामगार न्यायालयातून न्यायाधीश म्हणून निवृत्त होताना त्यांनी निकालांच्या प्रतींनी भरलेली ट्रंक घरी नेली होती. ती टेम्पोत चढवताना मी मनात म्हटलं होतं, म्हातारा आता रद्दी राखत बसणार!

मी त्यांची स्टेनो. सोळा वर्षं त्यांच्यासमोर बसून डिक्टेशन घेतलं. दोघंही नगरकडचे, त्यामुळे चेंबरचं दार लागलं की मराठी सुरू. "आधी हरणाऱ्याची बाजू घ्या, बाई," ते म्हणत, आणि ती अशी मांडत की त्याच्या वकिलालाही हेवा वाटावा. "जिंकणारा शेवटची ओळ वाचून पेढे आणायला पळतो. अख्खा निकाल हरणारा वाचतो. त्यात त्याला आपलं म्हणणं दिसलं पाहिजे."

कोर्टात त्यांनी धर्माचं अवाक्षर काढलं नाही. नाताळच्या सुमारास एका वकिलानं लाडीगोडी लावली, "साहब तो ईसाई हैं, दया करेंगे." साहेब म्हणाले, "दया घर पर करता हूँ, वकील साहब. यहाँ न्याय हो जाए, उतना ही बहुत है."

तीन वर्षांपूर्वी लेंटमध्येच त्यांचा फोन आला. "बाई, या." गेले, तर टेबलावर एक निकाल, दोन ठिकाणी पेन्सिलीच्या खुणा. रामसरन नावाच्या चौकीदाराला कारखान्यानं तांब्याची तार चोरल्याबद्दल काढलं होतं आणि आम्ही ते कायम केलं होतं. "चौथा परिच्छेद वाचा," साहेब म्हणाले. त्यात लिहिलं होतं की कंपनीच्याच रजिस्टरप्रमाणे चोरीच्या दिवशी रामसरनची सुट्टी होती. "आता अकरावा." त्यात माल बाहेर गेला तेव्हा रामसरन गेटवर उभा होता.

"मीच त्याला सुट्टीवर पाठवलं आणि मीच गेटवर उभं केलं," साहेब म्हणाले. दोन्ही परिच्छेद मीच टाईप केले होते. तसं मी म्हटलंही. "सही माझी आहे," ते म्हणाले, आणि तो विषय तिथेच संपला.

मी समजावून पाहिलं. "सर, इतक्या वर्षांनी काय होणार? उलट तुमच्या सगळ्या निकालांवर लोक बोट ठेवतील."

"ठेवू देत."

"मग घरच्या घरी देवाची माफी मागा ना."

"देवाला आधीच ठाऊक आहे, बाई. रामसरनला ठाऊक नाही."

निघताना त्यांच्या पत्नीनं मला दाराशी गाठलं. म्हणाल्या, "दोन रविवार झाले, चर्चमध्ये प्रभुभोजनाची भाकर घ्यायला उठत नाहीत. बाकावरच बसून राहतात. म्हणतात, आधी ज्याचा अपराध केला त्याच्याकडे जायचं, मग वेदीकडे."

जुन्या फाईलमधल्या पत्त्यावर, गाझियाबादच्या एका गल्लीत, आम्हा दोघांना रामसरन सापडला. दारासमोर खाटेवर बसला होता. त्यानं साहेबांना लगेच ओळखलं. साहेबांनी हात जोडले, हळू आवाजात सगळं सांगितलं आणि माफी मागितली. रामसरननं ऐकून घेतलं आणि विचारलं,

"साहब, फ़ैसला आपने अकेले में सुनाया था?"

"नहीं. भरी अदालत में."

"बीस बरस से यह गली मुझे चोर कहती है. बिटिया का रिश्ता इसी बात पर टूटा. और माफ़ी आप कान में माँग रहे हैं?"

मी पुटपुटले, "सर, चला." साहेब खाटेच्या कडेला बसले, खिशातून कागद काढून अर्धं पान लिहिलं, सही केली आणि उभे राहिले. मग गल्लीला ऐकू जाईल असं वाचू लागले. "मैं जज था. रामसरन चोर नहीं है. उस दिन यह छुट्टी पर था. यह बात मेरे सामने काग़ज़ पर लिखी थी, फिर भी मैंने इसे चोर ठहराया. ग़लती मेरी है."

भाजीचा ठेला थांबला. बायका गच्चीवर आल्या. ज्यांच्यापुढे मोठमोठे वकील वाकत, ते सत्तरी उलटलेले गृहस्थ आपल्या नगरी वळणाच्या हिंदीत, उन्हात उभं राहून स्वतःविरुद्धचा निकाल वाचत होते. इतकं मोठं काही मी त्याआधी पाहिलं नव्हतं, नंतरही नाही.

रामसरननं कागद घडी करून खिशात ठेवला. "पानी पीजिए," एवढंच म्हणाला.

परतताना मी धुसफुसत होते. "माफ केलं असं म्हणाला नाही तो."

"ते त्याच्या हातात आहे, बाई. मागणं तेवढं माझ्या हातात होतं."

त्या रविवारी त्यांच्या पत्नीचा फोन आला. "आज उठले."

गेल्या हिवाळ्यात साहेब गेले. रामसरनला मीच कळवलं होतं, पण तो येईल असं वाटलं नव्हतं. दफनभूमीत पाळकांची प्रार्थना संपली, आम्ही एकेक जण माती देऊ लागलो, तेव्हा तो मुलीचा हात धरून आला. हातात तोच कागद होता, लॅमिनेट केलेला. कबरीपाशी उभा राहिला, घसा साफ केला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला, "साहब, रामसरन ने आपको माफ़ किया."

मग वाकला आणि मूठभर माती टाकली.